मुक्काम पोस्ट ठाणे

16 एप्रिल 1853 च्या दुपारी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला पोचली, तेव्हा तिच्या चौदा डब्यांत चारशेच्या आसपास पाहुणे होते. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग इथेच संपतो. पर्यटनाच्या दृष्टीने मोलाचा भाग त्यापुढचा आहे. ठाण्यात पाहुण्यांसाठी तंबू ठोकलेले होते, खाण्यापिण्याची चोख व्यवस्था होती, आणि पाहुणचार आटोपून ही बडी मंडळी त्याच संध्याकाळी मुंबईला परतली. देशातल्या पहिल्या रेल्वे-सहलीचं ठिकाण होण्याचा मान ठाण्याला मिळाला. त्या रात्री ठाण्यातली एखादी खोली भाड्याने गेली असेल, असं काही वाटत नाही.

पाहुण्याने यावं, बघावं, खावं आणि संध्याकाळच्या गाडीने निघावं, ही रीत या जिल्ह्यात आजही फारशी मोडलेली नाही. अंगारकीला टिटवाळ्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर लांबच लांब रांग असते. पावसाळ्यातल्या रविवारी माळशेजच्या वळणांवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, आणि थंडीत ऐरोलीला खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) पाहायला घरटी एक तरी उत्साही माणूस निघतो. गर्दीची ददात नाही. ददात आहे ती रात्री राहणाऱ्याची. दिवसा येणारा माणूस रिक्षा, नारळ-हार, वडापाव आणि पाण्याची बाटली एवढ्यावर गावाची बोळवण करतो. राहणारा माणूस मात्र खोलीचं भाडं देतो, रात्री जेवतो, सकाळी चहा-नाश्ता मागतो, गाडी ठरवतो, वाटाड्या घेतो, आणि निघताना घरच्यांसाठी काहीबाही विकतही घेतो. एकाच माणसाच्या एका रात्रीमागे गावातल्या पाच-सहा घरांत पैसा फिरतो.

दुसरीकडे, हाच जिल्हा बाहेरच्या गावांच्या रात्री मात्र भरभरून विकत घेतो.

डोंबिवली हे नोकरदारांचं गाव. बँका, मंत्रालय, रेल्वे, विमा कंपन्या, टेलिफोन खातं यांत दोन-तीन पिढ्या खपल्या. या वर्गाला प्रवासाची चटक लावली ती रजा प्रवास सवलतीने, म्हणजे बोलीभाषेतल्या एलटीसीने. तोवर सुट्टी म्हणजे कोकणातलं गाव, नाहीतर मामाचं घर. सवलतीचा कालावधी फुकट जाऊ नये म्हणून माणसं केरळ, काश्मीर, राजस्थानला जाऊ लागली, आणि गेली ती परत एकटी जायला घाबरेनाशी झाली. मराठी सहल कंपन्यांनी नेमकी हीच नस पकडली. 1984 साली केसरीभाऊ पाटील यांनी ‘केसरी’ सुरू केली. 2013 मध्ये वीणा पाटील यांनी ‘वीणा वर्ल्ड’ उभी केली. मराठी बोलणारा सहल व्यवस्थापक, वेळेवर चहा, दोन्ही वेळचं भारतीय जेवण आणि ‘आपली माणसं’ या चार गोष्टींवर मध्यमवर्ग आधी हिमाचलला, मग सिंगापूरला आणि शेवटी युरोपला गेला. 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती देऊ केली तेव्हा देशभरात लाखभर कर्मचारी बाहेर पडले. त्यांतले बरेचसे अशाच उपनगरांतले. हातात एकरकमी पैसा, मुलं मार्गी लागलेली, गुडघे अजून शाबूत. आयुष्यात एकदा युरोप बघायचाच, हा संकल्प त्या काळात घराघरांत सुटला.

सहलीला निघण्याआधीची बैठक हा तर एक स्वतंत्र सोहळा. सभागृहात पंचवीस-तीस जोडपी, बहुतेक साठीच्या अलीकडची-पलीकडची. थर्मल कुठून घ्यायचे, औषधांच्या चिठ्ठ्या इंग्रजीत हव्यात का, हॉटेलात किटली मिळते का, हे प्रश्न आधी. व्हिसाचे फोटो आणि बोटांचे ठसे मग. मागच्या रांगेतल्या बाई हळूच विचारतात, चिवडा-लाडू विमानात चालतात ना? चालतात, असं कळलं की सभागृह सैल होतं. युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचं शुल्क जून 2024 मध्ये 80 युरोंवरून 90 झालं, त्यावर दोन मिनिटं कुरकुर होते आणि विषय पुन्हा थर्मलवर येतो. 2024 साली भारतातून शेंगेन व्हिसासाठी 11 लाखांवर अर्ज गेले. चीन आणि तुर्कस्तान वगळता एवढे अर्ज कुठल्याच देशातून गेले नाहीत. त्यांत ठाणे-डोंबिवलीचे किती, याची वेगळी मोजदाद होत नसली तरी विमानतळावर एकसारख्या टोप्या घातलेला घोळका दिसला की त्यात चार घरं डोंबिवलीची निघतातच.

या सहलींतली ‘पूर्व युरोप’ नावाची एक सहल ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकिया करत कधी कधी स्लोव्हेनियात डोकावते. ल्युब्लियाना ही राजधानी, ब्लेडचं तळं, पोस्तोयनाची गुहा, आणि पुढे चला. इथे थोडं थांबायला हवं, कारण ठाणेकराने तुलना करावी असा हा देश आहे. स्लोव्हेनियाची लोकसंख्या 21 लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाख 41 हजार आणि कल्याण-डोंबिवलीची 12 लाख 47 हजार होती. दोन महापालिका एकत्र केल्या तर तो अख्खा देश त्यांत मावून वर नऊ-दहा लाख माणसं उरतात, तीही पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यांनी.

1991 मध्ये युगोस्लाव्हियातून फुटून निघालेल्या या देशाकडे समुद्रकिनारा जेमतेम 47 किलोमीटर. शेजारी व्हेनिस आणि ऑस्ट्रियन आल्प्ससारखे दिग्गज. या दोघांच्या मधली वाट एवढीच त्याची ओळख राहण्याचा धोका होता. आज तिथल्या अर्थव्यवस्थेत पर्यटनाचा थेट वाटा पाच टक्क्यांच्या घरात आहे. 2019 साली तिथे सुमारे 62 लाख पाहुणे आले आणि त्यांनी मिळून 1 कोटी 58 लाख रात्री काढल्या. म्हणजे माणशी सरासरी अडीच रात्री. स्लोव्हेनियाचं पर्यटन खातं पाहुण्यांच्या संख्येबरोबरच रात्रींच्या संख्येकडे डोळ्यांत तेल घालून पाहतं. 2018 च्या कायद्याने पर्यटन कराची कमाल मर्यादा अडीच युरो ठरली, तीही दर माणशी, दर रात्री. हा पैसा त्या त्या गावच्या पालिकेच्या तिजोरीत जातो. वर आणखी पाव हिस्सा देशाच्या जाहिरातीसाठी. पाहुणा राहिला तरच पालिकेला पैसा, हा सरळ हिशेब असल्यावर पालिकाही पाहुण्याला ठेवून घ्यायच्या मागे लागते. 2020 मध्ये करोनाने सगळं ठप्प झालं तेव्हा सरकारने प्रत्येक प्रौढ नागरिकाला 200 युरोंचं आणि मुलांना 50 युरोंचं प्रवास-कूपन दिलं. कूपन चालायचं ते फक्त मुक्कामासाठी. तिकिटाला नाही, खरेदीला नाही.

ब्लेडचं तळं पाहून आलेली मंडळी फोटो दाखवतात ते तळ्यामधल्या बेटाचे. बेटावर चर्च, वर जायला 99 पायऱ्या, आणि तिथे नेणारी ‘प्लेत्ना’ नावाची लाकडी होडी. ही होडी इंजिनाने चालत नाही. नावाडी मागे उभा राहून दोन वल्ह्यांनी ती हाकतो. चर्चला येणाऱ्या यात्रेकरूंना तळं पार करून देण्याचा हक्क अठराव्या शतकात काठावरच्या बावीस कुटुंबांना मिळाला, आणि आजही हा धंदा बऱ्याच अंशी त्याच घरांत टिकून आहे. मूळ पाहुणा यात्रेकरू होता, हे लक्षात घेण्यासारखं. देवदर्शनाला आलेल्या माणसावर गाव पिढ्यान्‌पिढ्या जगतं, हे टिटवाळ्याला कोणी शिकवायला नको. फरक पुढे पडला. 1855 मध्ये आर्नोल्ड रिक्ली नावाचा स्विस माणूस ब्लेडला आला आणि हवा-पाणी-उन्हाने उपचार करणारं आरोग्यधाम काढून बसला. उपचार म्हटले की आठवडा-दोन आठवडे आलेच. 1870 मध्ये जवळून रेल्वे गेली आणि व्हिएन्नाचा माणूस तळ्यावर राहायला येऊ लागला. 1953 साली तिथल्या पार्क हॉटेलाने ‘क्रेम्श्निता’ नावाची क्रीमची चौकोनी वडी विकायला काढली, ती खाल्ल्याशिवाय ब्लेडहून निघायचं नाही असा आता दंडकच आहे. यात्रेकरू, रोगी, खवय्या अशी पाहुण्यांची जात बदलत गेली आणि राहण्याची सोय वाढत गेली. अर्थात तिथलंही सगळं आलबेल नाही. उन्हाळ्यात तळ्याभोवती गाड्यांची कोंडी होते, भाड्याने दिलेल्या सदनिकांमुळे घरं महागली, आणि ब्लेडचे रहिवासी पाहुण्यांच्या नावाने बोटं मोडतात.

या प्रदेशाचा ठाण्याशी एक जुना धागाही आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्लोव्हेनियाच्या शेजारच्या फ्रिउली प्रांतातला ओडोरिक हा फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात येऊन गेला. 1321 मध्ये ठाण्यात मारल्या गेलेल्या आपल्या पंथबांधवांच्या अस्थी घेऊन तो पुढे चीनला गेला. त्याने लिहून ठेवलेल्या हकिगतीत ठाण्याचे उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरांना ते आवरत नाहीत, असा उल्लेख आहे. घुशी पाहिल्या असाव्यात बिचाऱ्याने. युरोपीय प्रवाशाने ठाण्याविषयी दिलेला हा अभिप्राय सातशे वर्षं टिकला आहे. नगरपालिकांनी तो मनावर घेतला असं काही दिसत नाही.

*

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याच्या हातून पर्यटनाची अर्धीअधिक शिदोरी गेली. केळवे, बोर्डी, अर्नाळा, वसईचा किल्ला, जव्हारचा राजवाडा हे सगळं त्या बाजूला. राहिलं काय? सह्याद्रीचा पश्चिम उतार, मुंबईला पाणी पाजणारे तानसा-भातसासारखे जलाशय, खाडी, काही देवळं, गरम पाण्याचे झरे आणि भरमसाट शहर. शनिवार-रविवारी या शहरातला माणूस बाहेर पडतो तो नेरळ-माथेरान, कर्जत किंवा अलिबागला, म्हणजे रायगड जिल्ह्यात. माथेरानच्या वेशीवर पालिका त्याच्याकडून प्रवासी कर घेते आणि तो निमूटपणे देतो. टिटवाळ्याला उतरणाऱ्याकडून असं काही मागायची सोय नाही.

टिटवाळ्याचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. कल्याण-कसारा मार्गावरचं हे गाव आता कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत मोडतं. काळू नदीचा काठ, शकुंतलेशी जोडलेली आख्यायिका, पेशवाईत जीर्णोद्धार झालेलं महागणपतीचं मंदिर. मंगळवारी, चतुर्थीला स्टेशनबाहेर रिक्षांची रांग लागते. देवळापाशी दुर्वांच्या जुड्या, जास्वंद, मोदक आणि पेढे. दर्शन घेऊन तास-दीड तासात माणूस परत गाडीत. स्टेशन जवळ, लोकल स्वस्त, घर कल्याणला नाहीतर ठाण्याला. राहायचं कशाला? ज्या रेल्वेने भाविक आणले तिनेच ते पुन्हा उचलून नेले. त्यात टिटवाळेकरांचा दोष काहीच नाही. पण देवळाभोवतीची सगळी उलाढाल आठवड्यातल्या एका वारावर आणि महिन्यातल्या दोन तिथींवर तोलून धरायची, तर दुकानदाराने उरलेले दिवस काढायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

अंबरनाथचं मोल त्याहून वेगळं. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख असलेलं हे शिलाहारकालीन मंदिर महाराष्ट्रातल्या भूमिज शैलीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं, आणि बाहेरच्या भिंतीवर शिल्पांची अशी दाटी की अभ्यासकाने दोन दिवस काढावेत. स्टेशनपासून दोन-अडीच किलोमीटर. 2015 पासून इथे शिवमंदिर आर्ट फेस्टिवल भरतो, मोठमोठे गवई-वादक येतात, परिसर दिव्यांनी उजळतो. तरीही बाहेरून आलेला अभ्यासक मंदिर पाहून रात्री जातो मुंबईच्या हॉटेलात. अंबरनाथ त्याच्या वहीत येतं, हॉटेलच्या बिलात येत नाही. शेजारून वाहणाऱ्या वालधुनीच्या पाण्याचा रंग पाहिला की त्याचंही चुकत नाही असं वाटतं.

ऐरोलीची गोष्ट मात्र थोडी आशा वाटावी अशी. ठाणे खाडीचा 1,690 हेक्टरचा पट्टा 2015 मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. वन विभागाच्या कांदळवन कक्षाने ऐरोलीत किनारी व सागरी जैवविविधता केंद्र काढलं आणि तिथून बोटी सुरू केल्या. बोट सुटते ती भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने, पाहुण्यांच्या सोयीने नाही, आणि हे इथल्या कारभारातलं सर्वांत शहाणपणाचं कलम असावं. चिखलाची सपाटी उघडी पडते तेव्हा गुलाबी थवे चोची उलट्या करून शेवाळ गाळत असतात. एखाद्या हंगामात लाखाहून अधिक रोहित मोजले गेले आहेत. त्यांचं इथे एवढं पोट भरण्यामागे आपल्या शहरांचं सांडपाणी आणि त्यावर माजणारं शेवाळ हे एक कारण असल्याचं पक्षिअभ्यासक सांगतात. ठाणेकरांनी नकळत केलेलं हे आदरातिथ्य.

राहणारे पाहुणे म्हणजे भलं होतंच, असंही समजू नये. येऊरकडे बघा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतलं, ठाणे स्टेशनपासून रिक्षाने गाठता येणारं जंगल. इथे रात्री माणसं येतात, भरपूर येतात. ढाबे, हॉटेलं, बंगल्यांवरच्या पार्ट्या, फटाके, क्रिकेटच्या टर्फवरचे डोळे दिपवणारे दिवे. आदिवासी पाड्यांवरचे लोक आणि शहरातले निसर्गप्रेमी वर्षानुवर्षं याविरुद्ध ओरडत आहेत, गाऱ्हाणी न्यायालयापर्यंत गेली आहेत. या रात्रींतून पाड्यावरच्या घरात येतं ते वाढप्याचं नाहीतर रखवालदाराचं काम. पैसा येतो, पण त्याचा रस्ता जंगलाबाहेरच्या मालकाकडे जातो.

मुरबाड-शहापूरकडच्या ‘सेकंड होम’ची गत याच वळणाची. डोंबिवलीच्या लोकलमध्ये कधीकाळी या प्लॉटच्या जाहिराती चिकटवलेल्या नव्हत्या असा डबा नसेल. शेतजमिनीचे तुकडे पडले, तारेची कुंपणं आली, फाटकांवर ‘सावली’, ‘विसावा’ अशी नावं लागली. शेतकऱ्याला एकदाच रक्कम मिळाली, तिच्यात घर, लग्न, मोटारसायकल झाली. मालक महिन्यातून एखादेवेळी येतो तो कुकर, तांदूळ आणि पोळ्यांसकट. गावात खरेदी करतो दूध आणि फार तर कोथिंबीर. पूर्वीचा जमीनमालक त्याच प्लॉटवर झाडांना पाणी घालतो, पगारावर. याला पर्यटन म्हणणं जिवावर येतं.

*

जिल्ह्यात मुक्कामाची परंपराच नव्हती असं मात्र नाही. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी हा गरम पाण्याच्या झऱ्यांचा पट्टा आहे. 1739 च्या वसईच्या मोहिमेआधी चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि विजयानंतर मंदिर उभं राहिलं, अशी परंपरा सांगते. 1882 च्या ठाणे गॅझेटियरनेही या झऱ्यांची दखल घेतली. गंधकाच्या वासाच्या कुंडात सांधेदुखीवाल्यांनी डुंबायचं, धर्मशाळेत राहायचं, चार दिवसांनी परतायचं, असा इथला जुना परिपाठ. पुढे नित्यानंद स्वामी गणेशपुरीत येऊन राहिले आणि झऱ्यांना अध्यात्माची जोड मिळाली. 1961 मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांचा आश्रम तिथे 1956 पासून होता. सत्तरच्या दशकात मुक्तानंद अमेरिका-युरोपच्या दौऱ्यांवर गेले, आणि मग तिकडच्या साधकांचा ओघ उलटा भिवंडी तालुक्यातल्या या खेड्यात आला. ही माणसं आठवडे नि महिने राहिली.

एकविसाव्या शतकात ‘वेलनेस टुरिझम’ हा शब्द सरकारी कागदावर आला, त्याच्या कितीतरी आधी गणेशपुरीच्या वाण्याला कळलं होतं की परदेशी माणसाला बिनसाखरेचा चहा लागतो, मच्छरदाणी लागते आणि टपालाची तिकिटं लागतात. खोल्या भाड्याने गेल्या, फळवाले आले, शिंप्याला पांढऱ्या कपड्यांचं काम मिळालं. 1982 मध्ये मुक्तानंद गेले. आश्रम आता सहज आत डोकावणाऱ्यासाठी नाही, नोंदणीकृत साधकांपुरता आहे. नित्यानंदांच्या समाधीला गर्दी असते, गुरुपौर्णिमेला तर फारच. कुंडांवर मात्र निवांत चार दिवस काढावेत असं वातावरण उरलेलं नाही. स्लोव्हेनियात रोगाश्का स्लातिना किंवा लाश्कोसारखी झऱ्यांची गावं वर्षभर हॉटेलं भरून चालतात. देशातल्या एकूण मुक्कामांत त्यांचा वाटा मोठा आहे, कारण उन्हाळा असो की हिवाळा, पाणी सारखंच गरम. अकलोलीचं पाणीही बारमाही गरमच आहे. कपडे बदलायला स्वच्छ खोली, बायकांसाठी वेगळं बंदिस्त कुंड आणि पाण्यात काय काय विरघळलंय हे सांगणारा एक फलक, एवढ्याने सुरुवात करता येईल. लेसर शो लागणार नाही.

माळशेजचं दुखणं आणखी गमतीचं. कल्याणहून मुरबाडमार्गे जाणारा हमरस्ता टोकावड्याच्या पुढे घाटाला लागतो. धबधबे, धुकं, कणसं, मॅगी हे सगळं ठाणे जिल्ह्यात. घाट चढून वर गेलं की महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान लागतं, पण ते जुन्नर तालुक्यात, म्हणजे पुण्यात. दिवसभराची कोंडी, कचरा आणि बंदोबस्त मुरबाडकडे, रात्रीचं भाडं पलीकडे. पावसाळा सुरू झाला की बारवी, कोंडेश्वर आणि घाटातल्या धबधब्यांवर जिल्हा प्रशासनाचा मनाई आदेश निघतो. दरवर्षी पोरं बुडतात, त्यामुळे आदेशाला नावं ठेवता येत नाहीत. पण दोरखंड, शिट्टी घेतलेला गावातलाच प्रशिक्षित रक्षक आणि वाहनांसाठी ठरावीक जागा यांवर खर्च करण्यापेक्षा एक कागद टाइप करणं सोपं पडतं, हेही खरं. दरम्यान घाटावर काचेचा स्कायवॉक होणार, ही घोषणा अधूनमधून ऐकू येते. काचेच्या पुलावर माणूस वीस मिनिटं थांबतो.

मुरबाड तालुक्यात खरा पाहुणा येतो तो पाठीवर सॅक घेऊन. वैशाखऱ्याहून नाणेघाट, देहरीहून गोरखगड, बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड. शनिवारी रात्री कल्याणच्या एसटी स्थानकात या मंडळींचे घोळके दिसतात, आणि त्यांत डोंबिवलीकरांची संख्या बघितली तर निम्मा सह्याद्री याच गावाच्या मालकीचा असावा असं वाटतं. बेलपाड्यासारख्या वस्तीत या वाटेवरच्या जेवणाचा चांगला जम बसला आहे. फोन आधी जातो: बारा जण आहोत, पिठलं-भाकरी, ठेचा, भात, सकाळी पोहे. ठाणे जिल्ह्यातली भाकरी तांदळाची, उकड काढून हातावर थापलेली, तव्यावर टम्म फुगणारी. घरातल्या दोघी जणी चुलीपाशी बसतात तेव्हा भाकऱ्या मोजून टोपलीत पडतात, कारण माणशी दर ठरलेला असतो आणि पोरं चौथी मागतातच. घरातला तरुण वाटाड्या म्हणून सोबत जातो. त्याचा मेहनताना वेगळा. शेती पावसाळी, त्यानंतर हाताला काम नाही, अशा गावात ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे हे शनिवार म्हणजे घरखर्चाला मोठा हातभार.

घाटवाटेवर पैसा कमवायची कल्पना नवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नर-पैठणकडे जाणारे व्यापाऱ्यांचे तांडे नाणेघाटानेच चढायचे. सातवाहनांनी माथ्यावर लेणं खोदलं, त्यात नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख कोरला, पाण्याची टाकी काढली, आणि वाटेच्या तोंडाशी आजही तो दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी पडत असं परंपरेने मानलं जातं. आधी पाणी आणि निवारा, मग जकात, हा क्रम सातवाहनांना कळत होता. आज मात्र गाडीवाला पर्यटक जुन्नरकडून घाटघरमार्गे थेट माथ्यावर जातो, उलटा धबधबा बघतो आणि पुणे जिल्ह्यातूनच परततो. पायथ्याच्या वैशाखऱ्याला मिळतो तो फक्त चालणारा.

महाराष्ट्र सरकारने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, 2024 मध्ये नवं पर्यटन धोरण आणलं. दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार असं त्याचं उद्दिष्ट. आकडा भव्य आहे. त्यामानाने पर्यटन महामंडळाची जुनी ‘निवास व न्याहारी’ योजना साधी आहे: राहत्या घरातल्या खोल्या नोंदवायच्या, पाहुणा ठेवायचा, सकाळचा नाश्ता द्यायचा. कोकणात आणि महाबळेश्वरकडे तिच्यावर संसार उभे राहिले. घाटाच्या पायथ्याच्या गावांत ट्रेकर अजून देवळात, शाळेच्या ओसरीवर नाहीतर अंगणातल्या मांडवात झोपतात, कारण घरात वेगळी खोली नाही आणि पाहुण्याला दाखवता येईल असं शौचालय सगळीकडे नाही. मुली असलेला गट म्हणूनच मुक्काम टाळतो आणि रातोरात कल्याण गाठतो. एका कुटुंबाला दोन खोल्या, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी बांधायला जेवढं कर्ज लागेल, तेवढ्यात शहरात एक स्वागत-कमानही उभी राहत नाही.

रस्ते तर भराभर होत आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि भिवंडी तालुक्यातलं आमणे थेट नागपूरला जोडलं गेलं. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. कल्याण-मुरबाड रेल्वेची वाट मुरबाडकर केव्हापासून पाहत आहेत. या सगळ्याने विदर्भ-मराठवाड्यातला पाहुणा ठाण्याकडे येईल, असं भाषणांत सांगितलं जातं. व्यवहारात आजवर दिसलंय ते असं की रस्ता चांगला झाला की ठाणेकर आधी बाहेर पळतो, आणि इगतपुरीची रिसॉर्टं, नाशिकच्या द्राक्षबागा आता त्याला आणखी जवळ आल्या आहेत. मुरबाडला रेल्वे आली तर चाकरमान्यांची सोय होईल, जमिनीचे भाव चढतील. माळशेज मात्र दुसरं टिटवाळं होऊन बसण्याची भीती आहे, म्हणजे पहिल्या लोकलने यायचं आणि शेवटच्या लोकलने जायचं. बेलपाड्याच्या घरांत खोल्या गाडी येण्याआधी बांधून झाल्या तर गोष्ट वेगळी. गाडीनंतर बांधायला घेतल्या तर तोवर जमीनच विकली गेलेली असेल.